चार हजार युरोचा करार की वेळेवर पगार देणारा क्लब?

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सी इथे राहतो. मुलगा २३ वर्षांचा, इथेच जन्मलेला. डिव्हिजन टू कॉलेजकडून चार वर्षं बास्केटबॉल खेळला, यंदा पदवीधर झाला. युरोपातून दोन ऑफर आहेत. एक जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधली, प्रो-एमधली : महिना २,२०० युरो हातात, १० महिने, फ्लॅट आणि गाडी क्लबची. दुसरी आग्नेय युरोपातल्या एका क्लबची : महिना ४,००० युरो हातात, ८ महिने, फ्लॅट. इथे एका विमा कंपनीत ६८,००० डॉलरची नोकरीही मिळते आहे. त्याच्यावर ३१,००० डॉलरचं शैक्षणिक कर्ज आहे. मिस्टर ५८ वर्षांचे, नोकरीत आहेत. ते म्हणतात, माझ्या निवृत्तीच्या खात्यातून, फोर-ओ-वन-केमधून, कर्ज फेडू, पोराला मोकळं जाऊ दे. मुलगा चार हजारांवर अडून बसलाय आणि सारखं युरोपात गाजलेल्या माइक जेम्स या बास्केटबॉलपटूचं उदाहरण देतो. काय करावं?

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, मग हिशेब. त्याला जाऊ द्या. जर्मनीला जाऊ द्या. आणि मिस्टरांच्या फोर-ओ-वन-केला हात लावू नका.

मुलाचा हिशेब सरळ आहे : आठ गुणिले चार, ३२,००० युरो. जर्मनीचे दहा महिन्यांचे २२,०००. दहा हजारांचा फरक कोण सोडेल? पण हा फरक आठही पगार आले तरच. दुसऱ्या क्लबने साडेपाच महिन्यांचे पैसे दिले की दोन्ही ऑफरची बरोबरी होते. पाचच दिले तर जर्मनी पुढे.

पगार बुडतो म्हणजे काय होतं ते सांगते. माझ्याकडे सल्ल्याला येणारा एक अमेरिकन खेळाडू अशाच एका क्लबमध्ये खेळायचा. पहिले दोन पगार वेळेवर आले. तिसरा तीन आठवडे उशिरा आला. चौथ्याचे निम्मे पैसे मॅनेजरने पाकिटात घालून रोख दिले, ‘बाकीचे पुढच्या सोमवारी’. जानेवारीत त्याच्या फ्लॅटचं हीटिंग बंद झालं, कारण क्लबने घरमालकाचं भाडंच थकवलं होतं. हा पोरगा जाकीट घालून झोपायचा आणि सकाळी प्रॅक्टिसला जायचा, कारण गैरहजर राहिला तर करार त्यानेच मोडला असं झालं असतं. आठपैकी पाच पगार मिळाले. त्याचा खेळ उत्तम होता, पण प्रायोजकाने हात आखडल्यावर त्याचा काय उपयोग?

अशा वेळी दाद कुठे मागायची? फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं, बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण आहे, मुख्य ठाणं जिनिव्हा, २००७ पासून चालू. सगळे त्याला ‘बॅट’ म्हणतात. खेळाडूच्या बाजूने निकाल लागला आणि क्लबने पैसे दिले नाहीत, तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. पण तिथे जाता येतं ते करारात ‘वाद बॅटकडे जाईल’ असं कलम असेल तरच. फी आधी भरावी लागते, निकालाला महिने लागतात आणि क्लबच बुडाला तर निकालाचा कागद हातात राहतो. म्हणून करार जर्मनीचा असला तरी सही करण्याआधी हे कलम डोळ्यांनी बघा. पगार ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकला, तर खेळाडूला करार सोडता येईल, उरलेले पैसे मागता येतील आणि दुसरीकडे खेळण्यासाठी लागणारं ना-हरकत पत्र मिळेल, हेही लिहून घ्या. दुखापतीनंतर पगार चालू राहील का आणि सुरुवातीच्या चाचणीच्या काळात क्लब त्याला परत पाठवू शकतो का, ते विचारा. एजंट फिबाचा परवानाधारक असावा. युरोपात दलाली साधारण दहा टक्के असते आणि बहुतेकदा क्लब ती वेगळी देतो. ती २,२०० मधून कापली जाणार नाही, हे लेखी हवं.

दुखापतीच्या बाबतीत जर्मनी मला आणखी आवडते. तिथे पगारी खेळाडू हा नोकरदारच असतो, त्याला सरकारी अपघात विम्याचं संरक्षण असतं. उन्हाळ्यात तो घरी येईल तेव्हा तुमच्या आरोग्य विम्यात २६ वर्षांचा होईपर्यंत राहू शकतो. ती पॉलिसी चालू ठेवा.

आता कर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ‘नेट पगार आहे, टॅक्स क्लब भरतो’ या वाक्यावर फार पोरं फसतात. तुमचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे. पैसे कुठेही कमावले तरी रिटर्न इथे भरावंच लागतं. परदेशातल्या कमाईवर सूट आहे, २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत. ते ऐकून सगळे निर्धास्त होतात. पण नेहमीच्या नियमाने त्यासाठी सलग बारा महिन्यांत पूर्ण ३३० दिवस अमेरिकेबाहेर राहावं लागतं. म्हणजे घरी यायला ३५ दिवस. ऑगस्टला गेलेला मुलगा मे अखेरीस परतला आणि दोन महिने तुमच्या हातचं जेवला, की ही सूट गेली.

त्याने घाबरू नका. दुसरा रस्ता आहे, परदेशात भरलेल्या कराची वजावट, आणि जर्मनीसाठी तोच चांगला. जर्मनीत कर पगारातूनच कापला जातो आणि तो इथल्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे केंद्राचा कर बहुधा शून्यावर येईल. त्यासाठी वर्षअखेरीस क्लबकडून पगार-कराचा दाखला घ्यायचा. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे, लोनश्टॉयरबेशायनिगुंग, पण मुलाला ते पाठ करायला लावा. या रस्त्याचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. सगळी कमाई सूट म्हणून वगळली, तर रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यात पैसे टाकता येत नाहीत. वजावट घेतली तर २०२५ साठी ७,००० डॉलरपर्यंत टाकता येतात. तेविसाव्या वर्षी रॉथमध्ये गेलेल्या पैशाला वाढायला चाळीस वर्षं मिळतात.

आता तोच हिशेब ४,००० च्या क्लबला लावा. क्लबने तिथला कर भरलाच नाही, किंवा भरून पावती दिली नाही, तर वजावट नाही. उन्हाळा घरी काढला तर सूटही नाही. मग ३२,००० युरोवर साधारण सव्वादोन हजार डॉलर कर त्याच्याच खिशातून जाईल.

न्यू जर्सीचं वेगळंच आहे. हे राज्य परदेशी कमाईची सूट देत नाही आणि परदेशातल्या कराची वजावटही देत नाही. त्याची खोली तुमच्या घरात आहे, उन्हाळाभर तो तिथेच राहणार, तेव्हा राज्य त्याला आपला रहिवासीच मानेल. पाचशे डॉलरच्या आसपास बाजूला ठेवा. शिवाय परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तर त्याची माहिती वेगळ्या फॉर्मने द्यावी लागते. कर नाही, पण विसरल्याचा दंड मोठा.

फोर-ओ-वन-के. मिस्टरांची माया कळते. पण ५८ व्या वर्षी, नोकरीत असताना, साडेएकोणसाठच्या आत पैसे काढायचे तर प्लॅनने परवानगी द्यायला हवी, आणि दिली तरी कराशिवाय वर दहा टक्के दंड. तुमचं उत्पन्न २२ टक्क्यांच्या टप्प्यात धरलं, तर ३१,००० हातात यायला ४५,००० हून जास्त काढावे लागतील. साडेपाच टक्क्यांचं कर्ज फेडण्यासाठी एका दिवसात चौदा-पंधरा हजार डॉलर घालवायचे? त्यापेक्षा मुलाला हप्ता भरू द्या. साडेपाच टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिना ३३६ डॉलर. जर्मनीत घर आणि गाडी क्लबची, जेवणखाण आणि वरखर्चाला ७०० युरो धरा. महिना १,५०० युरो उरतात. वर्षाचे १५,०००. पगार दहा महिने आणि हप्ते बारा, हे मात्र त्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं. जूनमध्ये खातं रिकामं झालेले खेळाडू मी पाहिलेत. हप्ते भरूनही रॉथसाठी चार पैसे उरतात. तुम्हाला मदत करायचीच असेल तर विमानाचं तिकीट काढा.

माइक जेम्सचं उदाहरण खरं आहे. २०१२ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कुणी घेतलं नाही, इटलीच्या खालच्या लीगमध्येही तो खेळला, आणि २०२४ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, युरोलीगच्या, इतिहासात सर्वाधिक गुण करणारा खेळाडू झाला. पण मुलाला विचारा, जेम्सने पहिल्या वर्षांत काय कमावलं? त्याने व्हिडिओ कमावला, म्हणजे पुढच्या क्लबला दाखवायला खेळलेले सामने. प्रो-एमध्ये सामने चित्रित होतात आणि जर्मनीच्या पहिल्या श्रेणीतले, बुंडेसलीगातले, प्रशिक्षक ते बघतात. जानेवारीत पगारासाठी बसून राहिलेल्या पोराकडे दाखवायला अर्धाच सीझन असतो.

६८,००० च्या नोकरीमुळे मी रोखणार नाही. त्या कंपनीला एक वर्ष थांबायची लेखी विनंती करा, फार तर नाही म्हणतील. तेविसाव्या वर्षी जी कंपनी बोलावते, तशी पंचविसाव्या वर्षीही मिळेल. खेळाला मात्र हीच दोन वर्षं आहेत. मी दोन सीझनची मर्यादा घालेन आणि ती आत्ताच तिघांनी बसून ठरवा. दुसऱ्या मे महिन्यापर्यंत वरच्या लीगची ऑफर किंवा दुप्पट पगार आला नाही, तर तो परत येतो.

या आठवड्यात एवढंच करा : जर्मन क्लबच्या कराराची पूर्ण प्रत मागवा, ईमेलमधला सारांश नको. त्याच संघातून गेल्या वर्षी खेळलेल्या एखाद्या अमेरिकन खेळाडूशी मुलाने फोनवर बोलावं आणि एकच प्रश्न विचारावा : मार्चचा पगार कोणत्या तारखेला आला?