वाचकांचे प्रश्न : मोठ्या लाइनींचं टेंडर कोण काढतं?

प्रश्न : आमच्या सोसायटीत काहींची वीज एका कंपनीची, काहींची दुसरीची. मग बाहेरून मुंबईत वीज आणणाऱ्या मोठ्या लाइनी कुणी बांधायच्या हे कसं ठरतं, आणि त्याचे पैसे बिलात कुठे दिसतात?
– एक वाचक भगिनी, कांदिवली

उत्तर : ताई, टॉवरच्या लाइनी दोघांनी शेजारी शेजारी टाकल्या तर दोन्हींचा खर्च आपल्याच माथी येणार, म्हणून तिथे स्पर्धा होते ती बांधायच्या आधी, टेंडरमध्ये. सगळ्यात कमी शुल्क मागेल त्याला काम, हे वीज कायदा 2003 चं कलम 63. कलम 62 मध्ये मात्र वीज नियामक आयोग कंपनीचा खर्च तपासून दर ठरवून देतो, बोली लावायला समोर कुणी नसतंच.

मुंबईत दोन्ही झालंय. खारघर-विक्रोळी 400 केव्ही लाइन टेंडरने अदानींना मिळाली आणि 2023 मध्ये सुरू झाली, पण ही विक्रोळीची योजना त्याआधी कित्येक वर्षं रखडलेलीच होती. ती रखडलेली असतानाच 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी लाइट गेले, लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, ग्रिड कोसळलं तरी शहर वेगळं काढून चालू ठेवणारी आयलँडिंगची सोयही त्या दिवशी टिकली नाही. त्यानंतर 2021 मध्ये आरे-कुडूस ही 1000 मेगावॅटची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेची) लाइन आयोगाने टेंडर न काढता अदानींनाच दिली. टाटा पॉवर सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये हरली. कोर्ट म्हणालं, कायद्यात टेंडरचीच सक्ती नाही, कुठला मार्ग कधी वापरायचा याचे नियम राज्य आयोगाने करावेत.

मला खटकतं ते प्लॅनिंग. मुंबईची मागणी 4 हजार मेगावॅटच्या वर जाते, शहरात नवीन वीज केंद्राला जागा नाही, म्हणजे लाइनी लागणार हे काल कळलेलं नाहीये आणि खाडी, कांदळवन, जंगल ओलांडायच्या परवानग्यांना वर्षं जातात हेही सगळ्यांना माहितीये. राज्यातल्या मोठ्या लाइनींचा आराखडा महापारेषण या सरकारी कंपनीने करायचा असतो, तो वेळेत पुढे सरकला नाही की मग टेंडरला वेळच नाही म्हणायला सगळे मोकळे.

पैशांसाठी बिलात वेगळी ओळ शोधू नका. 'वहन आकार' दिसतो तो गल्लीतल्या जाळ्याचा. मोठ्या लाइनींचा खर्च राज्यातल्या सगळ्या वितरण कंपन्यांमध्ये मागणीच्या प्रमाणात वाटतात आणि तो युनिटच्या दरात मिसळून येतो, म्हणजे आरेच्या लाइनीचा भार चंद्रपूरच्या ग्राहकावरही पडतो. दरवाढीच्या अर्जावर आयोग जाहीर हरकती मागवतो, तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर नक्की पाठवा, टेंडर का नाही काढलं असं सरळ विचारा.