मुलगी सोळाव्या वर्षीच बारावी झाली, आता हे वर्ष कसं घालवायचं?

ताई, तुम्ही सगळं इतकं मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं. तुम्ही झेडपी शाळेत शिक्षिका, लेकीला घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून ती तुमच्याबरोबर शाळेत यायची आणि लवकरच पहिलीत तिचं नाव घातलं गेलं. आता बारावी सायन्स ८४ टक्के, वय जानेवारीत १६ पूर्ण, आणि नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायला बसल्यावर कळलं की वय कमी पडतंय. सासरचे म्हणतात वर्ष वाया गेलं, धाकटे दीर म्हणतात लातूरला रिपीटर बॅचला, म्हणजे बारावीनंतर वर्षभर फक्त नीटची तयारी करून घेणाऱ्या क्लासला, टाका, आणि शेजारच्यांनी जन्मतारीख बदलून घ्या असं सुचवलंय.

आधी शेजाऱ्यांचं बघू. जन्मतारखेला अजिबात हात लावू नका. दहावीच्या सर्टिफिकेटवर जी तारीख आहे तीच पुढे सगळीकडे लागते, आधार, दाखला, अ‍ॅडमिशनची तपासणी सगळीकडे, आणि खोटी कागदपत्रं निघाली तर मिळालेली सीटसुद्धा जाते. मुलीच्या आयुष्यभराच्या मागे ती भानगड कशाला लावायची.

नियम असा आहे की ज्या वर्षी अ‍ॅडमिशन त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण पाहिजेत. तुमची लेक पुढच्या जानेवारीत १७ची होणार म्हणजे अगदी थोडक्यात हुकलं, आणि बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), व्हेटर्नरी (जनावरांचे डॉक्टर) यांनाही वयाची हीच अट असल्यामुळे यंदा तिकडचा रस्ता बंदच समजा. पण ताई, यात तिचं वर्ष गेलं कुठे? पुढच्या वर्षी एमबीबीएसला लागली तरी ती साडेसतराची असेल आणि वर्गात एक दोनदा रिपीट करून आलेली १९-२० वर्षांची मुलं भरपूर असतात. म्हणजे थांबूनसुद्धा ती वर्गात लहानच राहणार. आणि घाई करून तरी काय मिळतं, एमपीएससी राज्यसेवेला १९ लागतात, यूपीएससीला २१, तिथेही वय होईपर्यंत थांबायचंच असतं.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या एका वाक्याची, की तिला विचारलं तर म्हणते डॉक्टर व्हायचंय का नाही माहीत नाही, पण बायोलॉजी आवडतं, शेतातले किडे नि झाडं बघत बसते. हे फार महत्त्वाचं आहे हो. लातूरच्या बॅचेस चांगल्या नाहीत असं मी म्हणत नाही, पण रिपीटर बॅच ही ज्याचं ठरलंय त्याच्यासाठी असते. सोळा वर्षांची मुलगी, घर पहिल्यांदाच सोडणार, होस्टेल, रोज तेच पर्याय निवडायचे प्रश्न, आणि मनात डॉक्टर व्हायचं की नाही हेच ठरलेलं नाही, अशी मुलं दिवाळीपर्यंत खचतात. मी पाहिलेत असे विद्यार्थी, आणि मग घरच्यांना वाटतं पोरगं आळशी आहे.

माझं मत विचाराल तर यंदा तिला जवळच्या कॉलेजला बीएस्सीला घाला, घरून जाऊन येऊन. स्कूटीचा विचार मात्र १८ पर्यंत करू नका, नेहमीच्या ११० सीसी गाडीचं लायसन्स त्याआधी मिळत नाही, एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री घेऊ दे. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षी पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट्स अकॅडमिक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात, त्यामुळे पुढे बदललं तरी ते वर्ष कागदावर राहतं. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याशी बसून बोला, तेव्हा नीट द्यायची असं तिचं ठरलं तर पुढच्या मेपर्यंत पाच-सहा महिने आहेत आणि बारावी नुकतीच झालेली असल्याने अभ्यासक्रम विसरलेला नसतो. फक्त फिजिक्सला कमी मार्क आहेत, त्याची शिकवणी जूनपासूनच लावा, ते शेवटी उरकत नाही. बीएस्सीची ७५ टक्के हजेरी आणि नीट दोन्ही पूर्ण ताकदीने जमत नाही, म्हणून तेव्हा एकच निवडावं लागेल हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

आता थोडं तुझ्याशी बोलते बाळा. किडे आणि झाडं आवडतात यातून डॉक्टरकीशिवाय बरंच काही होतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी-पदव्युत्तर कोर्स आहे, त्याची आयएटी नावाची वेगळी परीक्षा असते, ती पुढच्या वर्षी नीटबरोबर दे. बीएस्सी अ‍ॅग्रीसाठी राहुरी, दापोली, अकोला, परभणी ही चार कृषी विद्यापीठं आहेत, तिथे कीटकशास्त्र हा पूर्ण विभागच असतो, सुट्टीत एखादं जाऊन बघ, आणि तिथल्या सरांना-मॅडमना सरळ विचार की दिवसभर काय काम करता. तसंच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडी कशी चालते ते आईच्या ओळखीने आठवडाभर बघून ये, रक्त, रडणारी बाळं, रांगा, सगळं. ते पाहूनही तिथेच थांबावंसं वाटलं तर आईला सांग, आणि नाही वाटलं तरी सांग.

ताई, या मोकळ्या महिन्यांत डोमिसाइल (रहिवासी दाखला), आणि लागू असेल तर जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी (पडताळणी), नॉन क्रीमिलेअर काढून ठेवा. अ‍ॅडमिशनच्या वेळी सगळ्यात जास्त धावपळ याचीच होते, व्हॅलिडिटीला तर महिने लागतात. बीएस्सी सोडून पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार असाल तर ओरिजिनल मार्कशीट आणि टीसी परत मिळायला किती दिवस लागतात हे कॉलेजला आत्ताच विचारून ठेवा.