गाळातलं कासव विहिरीत सोडू का?

प्रश्न : आमच्या गावतळ्यातला गाळ काढणं चालूय. परवा जेसीबीच्या बकेटमध्ये ढेकळासोबत ताटलीएवढं कासव आलं, आधी मेलंय असंच वाटलं पण मग पाय हलवले. घरी टबात ठेवलंय, काहीच खात नाहीये. भाऊजी म्हणतात विहिरीत सोड, पाणी स्वच्छ राहतं. एक जण तर नखं मोजायलाच आले, वीस भरली तर लाखांत जातं म्हणे! फोटो पाठवलाय. काय करू?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : आधी नखांचं सांगते. प्रत्येक पायाला तीन, म्हणजे झाली बारा, कितीही वेळा मोजा. वीस नखांच्या नावाखाली लोकांना टोप्या घालणारे आपल्याकडे काही कमी नाहीत, त्यांना दारातूनच वाटेला लावा.

फोटोत पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा दिसतायत ना, पाय आत ओढले की त्या वरून बंद होतात. त्यावरूनच याला फ्लॅपशेल म्हणतात. तळी, ओढे, भातखाचरं, कुठेही राहणारं, बेडूक-मासे-गोगलगायी-पाणवनस्पती आणि मेलेलं जनावरसुद्धा खाणारं. इतकं नेहमीचं कासव, पण मांसासाठी एवढं पकडलं गेलं की 2021 पासून आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या यादीत ते असुरक्षित म्हणून आहे.

आणि ते खात नाही कारण ते झोपेत होतं हो! तळं आटायला लागलं की ही कासवं चिखलात शिरून पडून राहतात, पाऊस आला की बाहेर. तुम्ही त्याला वाचवलंत असं तुम्हाला वाटतंय, त्याच्या बाजूने बघितलं तर भर झोपेत कुणीतरी पलंगासकट उचललं.

विहिरीत अजिबात नको. बांधीव विहिरीला चढायला काठ नसतो, मादी असेल तर अंडी घालायला तिला कोरडी माती लागते, ती कुठून आणणार? पाणी स्वच्छ होतं म्हणाल तर ते हगतंही त्याच पाण्यात.

हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवणं गुन्हा आहे, प्रेमाने ठेवलं तरी. त्यामुळे आजच 1926 वर, वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. ते येईपर्यंत ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवा, मुलांना लांब ठेवा, मान भलती लांब येते आणि चावतं. आणि जेसीबीवाल्याला सांगून ठेवा, एक निघालं तिथे आणखी असू शकतात, बकेट रिकामी करताना जरा बघ बाबा.