बायोमेडिकलला जाऊ का?

प्रश्न: बायोलॉजी आवडते पण डॉक्टर व्हायचं नाहीये. बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतलं तर नुसती हॉस्पिटलमधली मशीन्स रिपेअर करत बसावं लागेल का?

उत्तर: अरे, रिपेअरला नुसतं म्हणू नकोस, व्हेंटिलेटर बंद पडला की सगळे आधी त्याच माणसाला शोधतात! पण काम तेवढंच नसतं. ईसीजीचंच बघ ना, छातीवर मिळणारा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टच्या आसपास, त्यात पेशंट हलला किंवा विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा नॉइज घुसला की रेघ थरथरते, मग अँप्लिफायर, फिल्टर लावून खरा ठोका वेगळा काढायचा, म्हणजे चक्क इलेक्ट्रॉनिक्सच. त्यामुळे मॅथ्स आणि सर्किट्सचा कंटाळा असेल तर नकोच, वैतागशील. इम्प्लांट किंवा इमेजिंगच्या रिसर्चमध्ये जायचं असेल तर पुढे मास्टर्स बहुतेक करावंच लागतं, ते आत्ताच धरून चाल.