फ्लूच्या स्लाइडवर अर्धे वेल (नमुन्याचा थेंब टाकायचे गोल खण) हिरवेगार, अर्धे काळे. अँटिबॉडी किती पातळ करू?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या कॉलेजात स्वॅबमधल्या पेशींवर एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावलेली अँटिबॉडी टाकून इन्फ्लुएन्झा ए चं न्यूक्लिओप्रोटीन (विषाणूच्या आरएनएला गुंडाळणारं प्रथिन) शोधताय, आणि सर म्हणतात, 'इकडच्या उन्हात हे जमत नाही, नागपूरला पाठव.' हे वाक्य मी विदर्भात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. जमतं. उन्हाचा दोष फार थोडा असतो.

अँटिबॉडीवर नंतर येतो. आधी ते काळे वेल. त्यात पेशी होत्या का? इव्हान्स ब्लू (पार्श्वभूमीसाठीचा दुसरा रंग) टाकलं असेल तर निरोगी पेशी विटकरी-लाल दिसायला हव्यात. (तुमचा फिल्टर फक्त हिरवाच प्रकाश सोडणारा असेल तर हा लाल दिसणारच नाही, ते तपासा.) २०० पटीवर अख्खा वेल फिरून किमान २० स्तंभाकार पेशी (श्वासमार्गाच्या अस्तरातल्या उभट पेशी) मोजता आल्या नाहीत, तर तो वेल निगेटिव्ह नाही. 'पेशी अपुऱ्या, नमुना पुन्हा घ्या' एवढंच लिहायचं. रिकाम्या वेलवर 'निगेटिव्ह' लिहिलेले रिपोर्ट मी मोठ्या लॅबमधूनही आलेले पाहिलेत, आणि सारे अँटिबॉडीलाच शिव्या देऊन राहिले.

पेशी हरवतात त्या स्वॅब घेताना आणि वाटेत. स्वॅब नाकाच्या तळाने सरळ मागे, घशाला टेकेपर्यंत न्यायचा आणि तिथे फिरवायचा. नाकपुडीत पुसून आणलेल्या स्वॅबवर शेंबूडच येतो. व्हीटीएमची (स्वॅब ज्या द्रवात आणतात त्याची) नळी बर्फाच्या डब्यात, २ ते ८ अंशांवर आणा. साध्या फ्रीजरमध्ये गोठवली की पेशी फुटतात, मग काही करून उपयोग नाही. आल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी वर (गुरुत्वाच्या ५०० पट) १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढा, पीबीएसने (पेशींना सोसणारं खारं बफर) धुवा, चिकटपणा जाईपर्यंत. जरासं गढूळ दिसेल इतक्याच पीबीएसमध्ये गाळ मिसळा आणि वेलमध्ये २५ मायक्रोलिटर टाका.

आता हिरवेगार वेल. उरलेला शेंबूड अँटिबॉडी धरून ठेवतो, पू-पेशीही धरतात. कूलरच्या दमट हवेत स्लाइड नीट वाळत नाही आणि ओली स्लाइड अॅसिटोनमध्ये गेली की सगळं धुरकट होतं. पूर्ण वाळवा, मगच थंड अॅसिटोनमध्ये १० मिनिटं. उन्हाचा खरा त्रास पुढे आहे: ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवताना डब्याचं झाकण सैल असेल तर थेंब कडेने सुकतो आणि कडा झगझगीत हिरवी होते. डब्यात ओला टिश्यू, झाकण घट्ट.

खरं पॉझिटिव्ह ओळखा केंद्रकावरून. या विषाणूचा आरएनए पेशीच्या केंद्रकात वाढतो, म्हणून न्यूक्लिओप्रोटीन केंद्रकात आणि नंतर बाहेरही सफरचंदी हिरवं दिसतं, बाहेरचं बहुधा दाणेदार. पिवळट, अख्ख्या पेशीभर एकसारखा किंवा नुसत्या कडेचा उजेड मोजू नका. माउंटिंगचं ग्लिसरॉल पीएच ८.५ च्या आसपासचं हवं. आम्ल बाजूला एफआयटीसी मंद होतं.

पातळ किती? निदानासाठी तयार मिळणारी अँटिबॉडी पातळ करूच नका. सांद्र घेतली असेल तर १:२० पासून दुपटीने १:६४० पर्यंत, संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या एमडीसीके पेशींवर (लॅबमध्ये वाढवलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी) शेजारी-शेजारी लावून बघा. न झालेल्या काळ्या राहून झालेल्या लखलखतात, असं सगळ्यात पातळ प्रमाण घ्या. या दोन्ही कंट्रोल दर वेळी हव्यात. त्यांच्या तयार स्लाइड विकत मिळतात.

एक राहिलं. आरटी-पीसीआर यापेक्षा जास्त नमुने पकडते, आणि या अँटिबॉडीने फ्लूचा उपप्रकार एच१एन१ की एच३एन२ ते कळत नाही. त्यासाठी नागपूरला पाठवणं बरोबरच आहे, सरांना तेवढं मान्य करा. आणि घरी कोंबड्या मरताहेत अशा माणसाचा नमुना कॉलेजात उघडूच नका; तो आरोग्य विभागाकडेच गेला पाहिजे. बाकी नमुनेही बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (हवा गाळणारं सुरक्षित कपाट) उघडायचे.