उशिरा प्रवेश घेताय? आधी सीट कोणत्या कोट्यातली ते विचारा

प्रश्न : मुलीला यंदा राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानला ८९.५० टक्के मिळाले. इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत हवी ती शाखा लागली नाही आणि त्या नादात बीएस्सीच्या गुणवत्ता याद्याही निघून गेल्या. आता सप्टेंबर लागला. एक खासगी कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट देतंय, ‘शिष्यवृत्तीचं नंतर बघू’ म्हणतंय. दुसरीकडे जिल्ह्याच्या अनुदानित कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्रीच्या जागा रिकाम्या आहेत. आम्ही ओबीसी, वार्षिक उत्पन्न ३ लाख ८० हजार. इतक्या उशिरा गुणांवर शिष्यवृत्ती मिळेल का? की वर्षभर थांबावं?

उत्तर : नमस्कार. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या त्या कॉलेजला आजच थांबवा. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत २०२४-२५ पासून मिळते. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच आहे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश शासन निर्णयातच वगळले आहेत. म्हणजे त्या सीटवर सवलत ‘नंतर’ही नाही, आणि फी चारही वर्षं तुमच्याच खिशातून.

आता गुणांवरच्या शिष्यवृत्तीचं. तिथे बारावीचे गुण बघतात, प्रवेश जुलैत झाला की सप्टेंबरात हे नाही. तुमच्या मुलीसाठी दोन योजना कामाच्या.

पहिली केंद्र सरकारची, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर योजना. पदवीच्या पहिल्या ३ वर्षांना वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्न ४.५ लाखांच्या आत हवं आणि गुण आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे ८० टक्के मुलांच्या पुढे. ८९.५० टक्क्यांना तिथे सहसा अडचण येत नाही, पण पात्र ठरणं आणि मिळणं वेगळं. देशभरात वर्षाला ८२,००० जागा, त्या राज्यांत वाटल्या जातात. निम्म्या मुलींसाठी, ही तुमची जमेची बाजू. विद्यार्थ्यांसाठीची मुदत अलीकडे ऑक्टोबरअखेरपर्यंत असते. म्हणजे वेळ आहे, पण ऐसपैस नाही.

दुसरी ‘शी’, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या केंद्राच्या इन्स्पायर कार्यक्रमातली शिष्यवृत्ती. वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. उत्पन्नाची अट नाही, मात्र मंडळाच्या वरच्या १ टक्क्यात नाव हवं. कटऑफ दरवर्षी बदलतो, तो बघूनच आशा धरा. इथे विषय फार महत्त्वाचा. केमिस्ट्री, फिजिक्स, गणित, बॉटनी, झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी चालतात. बायोटेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग चालत नाही. ज्या साध्या बीएस्सीकडे सगळे पाठ फिरवतात, तीच इथे उपयोगी पडते. शिवाय बारावी त्याच वर्षी उत्तीर्ण असावी लागते. वर्ष थांबलात की हा दरवाजा बंद. सीईटी पुन्हा द्यायचीच असेल तर बीएस्सीला बसून द्या.

या दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. सेंट्रल सेक्टरसोबत राज्याची शिष्यवृत्तीही चालत नाही. बहुतेक कॉलेजांत क्लार्क सरसकट सगळ्यांना महाडीबीटी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज, भरायला लावतात, तेव्हा दोन्हीकडच्या रकमा कागदावर मांडून मगच ठरवा.

उशिरा आलेल्यांचं खरं गाडं अडतं ते कॉलेजच्या पडताळणीत. अर्ज आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणाऱ्याकडे, जातो. हजेरीपटावर नाव चढलेलं नसेल, विद्यापीठाचा पात्रता अर्ज कॉलेजकडे पडून असेल, तर अर्ज त्रुटी दाखवून परत येतो किंवा पडताळणीची मुदत टळून जातो. म्हणून प्रवेशाच्याच दिवशी फीची पावती, प्रवेशाची तारीख असलेलं बोनाफाइड आणि पात्रता अर्ज भरल्याची पोच घ्या. नोडल अधिकारी कोण, हेही त्याच खिडकीवर विचारा. मुलीचा अर्ज भरून झाला की त्यांना प्रत्यक्ष भेटा.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा क्रमांक) काढावा लागतो. त्यात नाव आधारवरून येतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हा क्रमाचा फरक असतोच. पण स्पेलिंग वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. बँकेत ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर विसंबू नका. पैसे जातात ते एनपीसीआयकडे (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) सीडिंग झालेल्या, म्हणजे आधारवर पैसे घेण्यासाठी नोंदलेल्या खात्यात, आणि ते बऱ्याचदा शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं निघतं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतू केंद्रात आजच अर्ज टाका, १५ दिवस धरून चाला.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. सेंट्रल सेक्टरचं नूतनीकरण व्हायला किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. सत्र १५ आठवड्यांचं आणि त्यातले ५ गेलेले असतील, तर पुढे एकही तास न बुडवता हजेरी जेमतेम ६६ टक्के भरते. हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजणार का, हे प्राचार्यांच्या नावे अर्ज देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो’ मार्चमध्ये कुणाला आठवत नाही.

इन्स्पायरचं पोर्टल साधारण पावसाळा सरताना उघडतं. त्याला प्राचार्यांच्या सहीचं एंडोर्समेंट (शिफारसपत्र) लागतं, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी सही मिळेल असं बघा.