‘रूपांतर’ सोडून मराठीत दुसरे शब्द नाहीत का?

प्रश्न असा आहे की ट्रान्झिशन, ट्रान्सफॉर्मेशन, कन्व्हर्जन या तिन्हींसाठी सगळीकडे ‘रूपांतर’च दिसतं, वेगळे शब्द आहेत का. आहेत हो. पण या रूपांतरापायी माझं एकदा चांगलंच वाजलंय, त्यामुळे आधी ते.

काही वर्षांपूर्वी मी मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांची भाषांतरं करायचो. पदार्थांच्या अवस्था वगैरे प्रकरण. मी लिहिलं, ‘बर्फाचं पाणी होतं, पाण्याची वाफ होते.’ संपादकबाईंनी पान लाल करून परत पाठवलं, ‘बर्फ पाण्यामध्ये रूपांतरित होतो.’ पुढे सुरवंट कोषामध्ये रूपांतरित, कोष फुलपाखरामध्ये रूपांतरित, एका पानावर सात वेळा, मी मोजलंय. फोन केला, म्हटलं, बाई, सुरवंट फुलपाखराच्या ‘मध्ये’ कुठे जाऊन बसतो? तर म्हणाल्या, तुमची भाषा घरगुती वाटते, विज्ञानाला शोभत नाही. डोकंच फिरलं. अहो आपल्याकडे हे काम षष्ठी करते! कळीचं फूल होतं, राईचा पर्वत होतो, रंकाचा राव होतो, केस काळ्याचे पांढरे होतात. ‘होत्याचं नव्हतं झालं’मध्ये तर वस्तूसुद्धा नाही, नुसतं क्रियापद पकडून त्याला षष्ठी लावलीय, तरी शाळकरी पोराला कळतं. याचं करून दाखवा बरं ‘मध्ये रूपांतरित’.

वर त्याच पानावर बाईंनी मेणबत्ती ‘विरघळवली’ होती. मेण वितळतं, मीठ विरघळतं, एकाला उष्णता लागते आणि दुसऱ्याला पाणी. लोखंड गंजतं, लाकूड कुजतं, जखम चिघळते, प्रत्येक बदलाला स्वतःचं क्रियापद असताना ‘रूपांतरित’ कशाला? कपाटातली डांबरगोळी बघा, ठेवताना बोराएवढी असते, काही महिन्यांनी हरभऱ्याएवढी उरते आणि खाली ओलीचा एक डाग नाही. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात, म्हणजे स्थायूचा थेट वायू, मधे द्रव नाहीच. घरात म्हणतात, गोळी उडाली. सांगा, यात चुकलं काय?

हां, तर तुमचा प्रश्न. या शब्दांच्या शेवटी जो ‘अंतर’ येतो त्याचा अर्थ ‘दुसरा’. रूप दुसरं झालं की रूपांतर, जागा दुसरी तर स्थलांतर, सरकार दुसरं तर सत्तांतर, सगळी परिस्थितीच दुसरी तर स्थित्यंतर. (पाठांतर तेवढं मराठीत येऊन घोकंपट्टीला लागलं.) ट्रान्झिशन म्हणजे मधला काळ असेल तर संक्रमण, त्यात ओलांडणं आहे, एक पाय अलीकडे एक पलीकडे. २०२० मध्ये हिंदीच्या नादाने लोक संसर्गालाच संक्रमण म्हणायला लागले ते मला अजून खटकतं. ओळखू येऊ नये इतकं पालटलं तर कायापालट. कन्व्हर्जनला सरसकट एक शब्द नाही, शोधूही नका, धर्माचं असेल तर धर्मांतर आणि मोजमापाचं असेल तर सरळ ‘मैलांचे किलोमीटर करा’ म्हणा.

अजून एक, आपोआप झालं तर ‘भवन’, कोणी केलं तर ‘करण’. डबकं आटतं ते बाष्पीभवन, पाणी गाळून घेतात ते शुद्धीकरण. आणि त्यातला ‘द्धी’ दीर्घच, कारण मूळ शब्द ‘शुद्ध’, त्याला संस्कृतातला च्वि प्रत्यय लागून शेवटच्या अ चा ई होतो, अर्थ काय तर आधी तसं नव्हतं ते तसं झालं. बाईंनी ऱ्हस्व केला होता, हे सांगायला नकोच.

आता खरं सांगायचं तर बाईंना एक मुद्दा मिळाला असता. ‘बर्फाचं पाणी होतं’ हे ‘ग्लासात बर्फाचं पाणी होतं’ असंही वाचता येतं, कारण होणे आणि असणे दोघांचंही ‘होतं’च होतं. हे म्हणाल्या असत्या तर मी मुकाट ‘बर्फ वितळून त्याचं पाणी होतं’ लिहून दिलं असतं. पण त्या ‘घरगुती’वरच अडून बसल्या.

पुस्तक छापून आलं तेव्हा ते पान आधी उघडलं. सातच्या सात ‘रूपांतरित’ जागच्या जागी होते. मेणबत्ती तेवढी वितळली होती.